ज्याच्या नावाची चिठ्ठी निघाली नाही

(शास्त्रभाग : प्रेषितांची कृत्ये 1:12–26)



प्रभू येशूचे स्वर्गारोहण झाले तेव्हापासून पन्नासाव्या दिवसाचा सण येईपर्यंत दहा दिवस गेले. ह्या दहा दिवसांविषयी आमच्या मंडळ्यांत फारसे बोलले जात नाही. स्वर्गारोहणावर उपदेश होतो, पवित्र आत्म्याच्या अवतरणावर होतो. मधले दिवस मात्र मोठ्या रस्त्यावरील लहान वस्तीप्रमाणे मागे पडतात. तथापि ह्या दिवसांकरिता शिष्यांस प्रभूची स्पष्ट आज्ञा होती. त्यांनी यरुशलेम सोडून जावयाचे नव्हते. पित्याने जे देऊ केले होते त्याची वाट पाहावयाची होती. म्हणून ते माडीवर जमत व एकचित्ताने प्रार्थना करीत. त्या वेळी बंधुवर्गाची एकंदर संख्या सुमारे 120 होती.

ह्याच वाट पाहण्याच्या दिवसांत एक निवड झाली. यहूदा इस्कार्योत ह्याची जागा रिकामी पडली होती. पेत्राने सांगितले की, योहानाच्या बाप्तिस्म्यापासून प्रभू वर घेतला जाईपर्यंत जो सतत आपल्या सोबतीत राहिला असा मनुष्य पाहिजे. शोध केला तेव्हा अशी दोन मनुष्ये पुढे आली. एक योसेफ, ज्याला बर्सबा म्हणत व ज्याचे उपनाव युस्त होते, दुसरा मत्थिया. जागा एक आणि पात्र मनुष्ये दोन. लूक बर्सबाचे नाव प्रथम घालतो व त्याची तीन नावे देतो; मत्थियाचे एकच देतो. युस्त म्हणजे न्यायी, सरळ. ज्याला असे नाव पडले त्याची बंधुवर्गात पत असावी. त्या दिवशी माडीवर कोणाला विचारले असते तर बहुतेकांनी त्याचेच नाव घेतले असते, असे आम्हांस वाटते. मग प्रार्थना झाली, चिठ्ठ्या टाकल्या, आणि चिठ्ठी मत्थियाच्या नावाने निघाली.

बर्सबाचे पुढे काय झाले? शास्त्र एक अक्षरही सांगत नाही. हा प्रश्न आज आपणांपुढे ठेवण्यास एक कारण घडले आहे.

आमच्या मंडळीतील एक वृद्ध आजीबाई गेल्या महिन्यात उपासना संपल्यावर आम्हांकडे आल्या. त्यांचा मुलगा व सून अमेरिकेत न्यू जर्सी प्रांतात असतात. नातू तेथेच वाढला व आता शाळेच्या शेवटच्या वर्षास आहे. आजीबाई म्हणाल्या, "पाळकसाहेब, पोराचा अर्ज मोठ्या विद्यापीठाकडे गेला आहे. डिसेंबरात उत्तर येणार. घरात कोणी नीट जेवत नाही म्हणून सून सांगते. त्याला ती जागा मिळावी अशी मंडळीकडून प्रार्थना करवा." आम्ही होय म्हटले. परतीच्या वाटेवर सोबत असलेल्या उपदेशकांनी हळूच विचारले, "साहेब, ती जागा आणखी कोणाच्या तरी नातवानेही मागितली असेल. मग आपण देवाला काय सांगावयाचे?"

आजीबाईंचे मागणे खरे होते आणि उपदेशकांचा प्रश्नही खरा होता. ज्या ज्या घरचे कोणी परदेशी शिकते अथवा शिकू पाहते त्या घरी हा प्रश्न उद्या येणार आहे. म्हणून प्रथम ती गोष्ट आहे तरी कशी, हे समजून घेऊ.

अमेरिकेतील नामांकित विद्यापीठांत केवळ एका परीक्षेच्या गुणांवर प्रवेश मिळत नाही. शाळेतील वर्षानुवर्षांचे गुण, शिक्षकांची शिफारसपत्रे, मुलाने स्वतः लिहिलेले निबंध, शाळेबाहेर त्याने केलेल्या कामाचा वृत्तांत, असे सर्व पाठवावे लागते. नेहमीचे अर्ज जानेवारीच्या सुमारास जातात व त्यांची उत्तरे मार्चच्या अखेरीस मिळतात. परंतु ज्याचे मन एकाच ठिकाणी जडले आहे त्याच्याकरिता आणखी एक वाट आहे. त्याने बहुधा 1 नोव्हेंबरच्या आत अर्ज करावयाचा. त्याला डिसेंबरच्या मध्यास उत्तर मिळते. ब्राऊन, कोलंबिया, कॉर्नेल इत्यादी ठिकाणी असा अर्ज करताना मुलगा व त्याचे आईबाप सही करून वचन देतात की, जागा मिळाल्यास इतर सर्व अर्ज मागे घेऊन तेथेच जाऊ. ह्यास अर्ली डिसिजन म्हणतात. हार्वर्ड व येल येथे असे बंधन नाही; मात्र तेथे असा अर्ज करणाऱ्याने दुसऱ्या खाजगी विद्यापीठाकडे लवकरचा अर्ज करावयाचा नाही. उत्तर तीनांपैकी एक येते. जागा मिळाली, जागा नाही, किंवा तुमचा अर्ज नेहमीच्या अर्जांत घातला आहे, वसंतऋतूपर्यंत थांबा.

2023 च्या डिसेंबरात हार्वर्डने असे 7,921 अर्ज तपासून 692 मुलांस जागा देऊ केली, म्हणजे अकराबारांमागे एकास. त्या वर्षाचे लवकरचे व नेहमीचे मिळून 54,008 अर्ज होते, आणि 1,937 जणांस बोलावणे गेले.

आम्ही खळ्यावर वाढलेली माणसे. गाळणे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उफणणी येते. वावडीवर उभे राहून पाटी हलवली म्हणजे दाणा खाली पडतो व भूस वाऱ्याने उडून जाते. ज्याला जागा मिळत नाही त्या मुलास व त्याच्या आईबापास असेच वाटते की, आपण भूस ठरलो. हे खरे नाही. ही उफणणी नव्हे. पेरणीच्या आधी घरधनी कणगीत हात घालून चार पायल्या बियाणे काढतो. त्याला तेवढेच हवे असते, कारण शेत तेवढेच आहे. कणगीत जे राहिले तेही त्याच कणसांचे दाणे आहेत. हार्वर्डकडे ज्या 7,229 मुलांचे काम त्या डिसेंबरात झाले नाही, त्यांतील पुष्कळ मुले तेथे उत्तम शिकली असती.

आता उपदेशक बंधूंनी एक भेद नीट ध्यानात धरावा, कारण तो विसरल्याने घरोघर दुःख होते. माडीवरच्या मंडळीने सर्वांची हृदये जाणणाऱ्या प्रभूला विचारले आणि मग चिठ्ठी टाकली. विद्यापीठाची समिती चिठ्ठी टाकीत नाही, आणि ती हृदये जाणीत नाही. ती कागद वाचते. तिला तिच्या गरजा असतात : संघाकरिता खेळाडू पाहिजेत, वाद्यवृंदाकरिता वादक पाहिजेत, देशाच्या निरनिराळ्या भागांतील मुले पाहिजेत, अमुक विषयास विद्यार्थी पाहिजेत. ती बहुधा आपले काम प्रामाणिकपणे करीत असेल. तथापि तिचा नकार आला तर तो देवाचा नकार आहे असे कोणीही मुलास सांगू नये; आणि तिचा होकार आला तर देवाने ह्यालाच निवडले व शेजारच्यास टाकले, असेही म्हणू नये. ह्या दुसऱ्या चुकीकडे आमचे लक्ष कमी जाते, कारण ती पेढ्यांबरोबर येते.

ह्या जागा मुळात कशाकरिता निर्माण झाल्या, हेही आपणांस ठाऊक असावे. हार्वर्ड 1636 साली स्थापन झाले. समुद्रापलीकडून आलेल्या त्या गरीब मंडळ्यांना भीती होती की, आपले विद्वान पाळक मातीआड झाल्यावर मागे अशिक्षित सेवकवर्ग राहील. येल 1701 साली पाळकांनीच उभे केले. ज्या मंडळ्यांच्या लेकरांनी पुढे आपल्या मुलुखात शुभवर्तमान आणले त्यांच्याच हातचे हे काम आहे. विल्यम्स कॉलेज हेही आज अशाच कठीण प्रवेशाचे ठिकाण आहे व तेथेही अर्ली डिसिजनची रीत आहे. 1806 साली त्या कॉलेजातील पाच विद्यार्थी वादळात गवताच्या गंजीच्या आडोशास बसले, आणि तेथे त्यांनी परदेशांतील सेवेकरिता प्रार्थना केली. 1810 साली अमेरिकन बोर्ड स्थापन झाले. त्याच कॉलेजात शिकलेले गॉर्डन हॉल 1813 साली मुंबईस उतरले, मराठी शिकले, आणि 1826 साली नाशिकच्या बाजूच्या दौऱ्यावरून परतताना पटकीने वारले. कॉलेजातील त्यांच्या जागेचे फळ ते हे. दुसऱ्या बाजूस विल्यम केरी पाहा. जोडे शिवणारा हा मनुष्य विद्यार्थी म्हणून कोणत्याही विद्यापीठाची पायरी चढला नाही. तरी 1811 साली श्रीरामपुराहून मराठी नवा करार छापून निघाला तो त्याच्याच खटाटोपाने, आणि ब्राऊन विद्यापीठाने त्याला डॉक्टर ऑफ डिव्हिनिटी ही पदवी दिली. विद्येचे महत्त्व कमी करावे म्हणून आम्ही हे लिहीत नाही. केरीइतकी मेहनत करून विद्या मिळवणारे थोडेच. परंतु यहूदाची जी जागा भरावयाची होती तिला प्रार्थनेत सेवेची जागा म्हटले आहे. ती मानाची खुर्ची नव्हती.

तर मग आजीबाईंनी काय मागावे? त्यांनी नातवाचे नाव घेऊन मागावे. आजीने देवाजवळ नातवाकरिता मागू नये असे सांगणारा पाळक आम्ही पाहिला नाही, व पाहण्याची इच्छाही नाही. मनात आहे ते पित्यास सांगावे. परंतु देवाला समितीचा चिटणीस समजू नये, की ज्याच्याकडे जास्त विनंत्या गेल्या त्याचा कागद वर येईल. माडीवरची प्रार्थना पुन्हा वाचा. बर्सबाच्या मित्रांनी बर्सबा मागितला नाही. मत्थियाच्या मित्रांनी मत्थिया मागितला नाही. 120 जण मिळून एकच मागत होते की, प्रभूने जे ठरवले ते त्याने दाखवावे. आणि उपदेशक बंधूंच्या प्रश्नाला आमचे उत्तर असे : त्या दुसऱ्या नातवाकरिताही त्याच श्वासात मागावे. त्याचे नाव आपणांस ठाऊक नाही. देवास ठाऊक आहे. अशी प्रार्थना मंडळीत मोठ्याने झाली तर मूळ मागणे दुबळे होत नाही. उलट ऐकणाऱ्या आजीबाईंच्या मनावरचे ओझे हलके होते, असे आम्ही त्यानंतरच्या रविवारी पाहिले.

तिसऱ्या उत्तराविषयी स्वतंत्र लिहिणे अवश्य आहे, कारण होय व नाही ह्यांपेक्षा ते सोसण्यास कठीण असते. मुलाने सहा आठवडे डोळे लावून वाट पाहिली, आणि उत्तर आले की आणखी साडेतीन महिने थांब. याकोबाने आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात शेतकऱ्याचा दाखला दिला आहे. तो पहिल्या व शेवटल्या पावसाची धीराने वाट पाहतो. आपल्याकडे शाळू पेरून झाला म्हणजे मनुष्याच्या हातात थोडेच उरते. डिसेंबरात तो गुडघ्याच्या वर येतो, थंडी व दव ह्यांवर वाढतो. बी रुजले की नाही हे पाहण्यास कोणी धाटे उपटून मुळे तपासीत नाही. परंतु शेतकरी रिकामाही बसत नाही. तो बांध पाहतो, पाखरे राखतो, बैलांना वैरण घालतो, दुसऱ्या तुकड्यातील हरभऱ्यास पाणी देतो. ज्याचा अर्ज पुढे गेला आहे त्या मुलानेही असेच करावे. शाळेचा अभ्यास सोडू नये. ही विद्यापीठे वर्षाच्या मध्याचे गुण मागवतात. इतर ठिकाणचे अर्ज मनापासून लिहावे. रात्री बारा वाजता उठून जुना निबंध काढून त्यातील चूक शोधीत बसू नये. ते मुळे उपटणे होय.

ह्या लवकरच्या वाटेचा न्याय सर्वांना सारखा मिळतो असे नाही, हेही सांगितले पाहिजे. 2006 साली हार्वर्डने ती बंद करण्याचे ठरवले, आणि पाठोपाठ प्रिन्स्टननेही. त्या वेळचे हंगामी अध्यक्ष डेरेक बॉक ह्यांचे म्हणणे होते की, जे आधीच सुस्थितीत आहेत त्यांनाच ह्या रीतीने अधिक सवलत मिळते. ज्या गरीब घरी सल्ला देणारे कोणी नाही, त्या घरच्या मुलास नोव्हेंबरात अर्ज करावयाचा असतो हेही कळत नाही. बंधनाचा अर्ज केला तर निरनिराळ्या ठिकाणच्या आर्थिक मदतीची तुलना करता येत नाही. 2011 साली दोघांनी ती वाट पुन्हा उघडली. आम्हांस येथे मत्तयाच्या विसाव्या अध्यायातील द्राक्षमळ्याचा धनी आठवतो. तो पहाटे मजूर आणण्यास गेला. पण तेवढ्यावर न थांबता दिवस मावळण्यास एक तास उरला असता पुन्हा चौकात गेला, आणि ज्यांना कोणी कामास लावले नव्हते त्यांना त्याने स्वतः विचारले. मनुष्यांच्या कचेऱ्या असे क्वचितच करतात.

त्याच अध्यायात पुढे जब्दीच्या मुलांची आई येते. तिने प्रभूपाशी आपल्या दोन मुलांकरिता दोन जागा आगाऊ मागितल्या, एक उजवीकडे व एक डावीकडे. प्रभू तिच्यावर रागावला नाही. त्याने विचारले की, तो प्याला ह्यांच्याने पिववेल काय? आजच्या आईबापांनी ह्या आईस हसू नये. 2019 च्या मार्च महिन्यात अमेरिकेच्या सरकारी वकिलांनी एक मोठे कपट उघडकीस आणले. श्रीमंत आईबापांनी विल्यम सिंगर नावाच्या मनुष्यास पैसे दिले. त्याने परीक्षेची उत्तरे बदलवली, खेळाच्या शिक्षकांस लाच दिली, आणि जी मुले तो खेळ खेळतही नव्हती त्यांस खेळाडू म्हणून आत घातले. सिंगर ह्या युक्तीस बाजूचे दार म्हणत असे. योहानाच्या दहाव्या अध्यायात जो दाराने न येता दुसरीकडून मेंढवाड्यात चढतो त्याला प्रभूने काय नाव दिले आहे, ते आपणांस पाठ आहे. त्या खटल्यात आईबाप तुरुंगात गेले. आणि त्या मुलांतील कित्येकांस आपल्याकरिता असे काही केले आहे ह्याची वार्ताही नव्हती. मुलावर विश्वास नाही, हे त्याला सांगण्याची ह्याहून क्रूर रीत आम्हांस सुचत नाही. आणि हे पाप लक्षाधीशांचेच आहे असे नाही. मुलाचा निबंध बापाने लिहून देणे, खोटा दाखला मिळवणे, पाळकाकडे न केलेल्या सेवेचे शिफारसपत्र मागणे, ही त्याच दाराची लहान फळकुटे आहेत. पाळकांनी असे पत्र देऊ नये, मग घर कितीही जवळचे असो.

आता पुन्हा बर्सबाकडे येऊ. दुसऱ्या शतकाच्या आरंभी पापियास नावाचा एक अध्यक्ष होऊन गेला. त्याने लिहिले होते की, युस्त बर्सबा ह्याने एकदा विष प्यायले, परंतु प्रभूच्या कृपेने त्याला काही बाधा झाली नाही. युसीबियसाने आपल्या मंडळीच्या इतिहासात ही गोष्ट नमूद केली आहे. हे शास्त्र नव्हे, आणि त्यावर आम्ही काही रचीत नाही. पण एवढे दिसते की, मंडळीने ते नाव टाकून दिले नव्हते. पुढील पिढीत त्याची आठवण करणारे लोक होते.

शास्त्राच्या शांततेतही एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. मत्थियाचेही नाव पुन्हा येत नाही. ज्याची चिठ्ठी निघाली तो आणि ज्याची निघाली नाही तो, दोघेही पहिल्या अध्यायाच्या शेवटी नावानिशी संपतात. दुसरा अध्याय उघडतो तेव्हा ते सर्व एकत्र जमले होते एवढेच लूक सांगतो. त्यांतून बर्सबा उठून गेला होता असे कोठेही म्हटलेले नाही. जो तीन वर्षे सोबत राहिला, तो एका चिठ्ठीने घरी गेला असेल असे आम्हांस वाटत नाही. आणि तो तेथे होता तर अग्नीच्या जिभा वेगवेगळ्या होऊन प्रत्येकावर बसल्या तेव्हा त्याच्यावरही बसली. ती बाराजणांकरिता मोजून आली नव्हती.

उपदेशक व बायबल स्त्रियांकरिता दोन शब्द. ज्या घरी असे उत्तर येणार आहे तेथे आधी जावे. उत्तर आल्यावर तर सगळेच जातात. उपासनेत साक्ष देण्यास केवळ ज्यांची मुले निवडली गेली त्यांनाच उभे करू नये. मुलाची तुलना त्याच्या चुलतभावाशी करणाऱ्या नातेवाइकांस, वयाने मोठे असले तरी, बाहेर पडवीत बसवून प्रेमाने सांगावे. जागा न मिळालेल्या मुलास लगेच "देवाची ह्याहून चांगली योजना आहे" असे म्हणू नये; ते खरे असले तरी त्या रात्री ते त्याला दार लावून घेतल्यासारखे ऐकू येते. त्याच्याजवळ बसावे. जेवण झाले नसेल तर जेवू घालावे.

तेथे ही उत्तरे बहुधा सायंकाळी देतात, आणि तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवसाची पहाट होत असते. ज्यांच्या घरचे मूल वाट पाहत आहे त्यांनी त्या पहाटे उठून त्याचे नाव घ्यावे व त्या दुसऱ्या अनोळखी मुलांचेही घ्यावे. मात्र काय झाले हे विचारण्यास तिकडे फोन करू नये. पोर स्वतः सांगेल तेव्हा ऐकावे.